वेंगुर्ल्यातलं जुनं पिनबॉल मशीन: रिले ठेवू की काढून टाकू?

खाजणकाठ (६ जून)

नमस्कार मंडळी.

वेंगुर्ल्याला मामांच्या मांगरात (सामान ठेवायच्या खोपटात) एक पिनबॉल मशीन आहे, म्हणजे तिरक्या फळीवर धातूचा चेंडू सोडून गुण मिळवायचा खेळ. गोव्यातलं एक हॉटेल बंद पडलं, तिथलं सामान विकायला निघालं, त्यात मामांनी हे घेतलं. घरातल्या पोरांनी काही वर्षं मनसोक्त खेळून घेतलं. मग ते अडकलं, दुरुस्त करणारं कोणी मिळालं नाही, आणि त्याच्यावर आधी ताडपत्री व नंतर नारळाच्या सोडणांची पोती चढली. आता मामांनी ते मला देऊन टाकलंय.

मशीन शिकागोच्या गॉटलिब कंपनीचं, सत्तरच्या दशकातलं, एका खेळाडूचं. पूर्ण इलेक्ट्रोमेकॅनिकल. आत एकही आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) नाही. रिले (विद्युतचुंबकाने उघडणारे-मिटणारे स्विच), कॉइल (तारेची वेटोळी), गुण दाखवणारी फिरती चाकं, एक मोटर आणि रंगीत तारांचे जुडगे, बस्स. अजून वीज दिलेली नाही. बाहेरून दिसतं ते असं: पितळेवर हिरवा थर, लोखंडी कंसांवर पांढरी भुकटी, रबरं कडक होऊन तडकलेली, चेंडू गंजून खडबडीत. पेटीचा मागचा कोपरा वाळवीने पोखरलाय. प्लेफील्डवरचा (चेंडू फिरतो त्या फळीवरचा) रंग फ्लिपरच्या (चेंडू परत वर मारणाऱ्या हातांच्या) वरच्या भागात उडालाय. मागच्या काचेवरचं चित्र मात्र बरंचसं शाबूत आहे, फक्त खालच्या कडेला पापुद्रे सुटलेत.

प्रश्न असा. एक मित्र म्हणतो, आतलं सगळं काढ, मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक) बसव, बाहेरून तेच दिसेल. माझं मन तयार होत नाही. मला ते जसं चालायचं तसंच चालवायचंय, त्या रिलेंच्या कडकडाटासकट. पण आमच्या हवेत शेकडो उघडे संपर्कबिंदू टिकतील का? कोकणात राहून कोणी असलं काही केलंय का? सुरुवात कुठून करू?

---

तारकर्लीचो_बाबू

फोटो खंय आसत? फोटो टाक आधी, मगे बोलूया.

---

पागोळी

धागा वाचनखुणेत टाकला. लहानपणी मुंबईला आत्याकडे गेलो की दादरच्या एका पार्लरमध्ये असलं मशीन बघायला मिळायचं. खेळायला पैसे नसायचे, दुसऱ्याचा चेंडू बघत उभं राहायचो. जाणकारांनी लिहा प्लीज.

---

ओहम

मी रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे तुमच्या मित्राची बाजू घेतो. भावनेचा भाग सोडा आणि हिशोब बघा. अशा मशीनमध्ये प्रत्येक रिलेवर चार-सहा संपर्कजोड्या, वर स्टेपर (ठोक्यागणिक एक घर पुढे सरकणारे स्विच), वर मोटरच्या कॅमचे (उंचवटे असलेल्या चकतीचे) स्विच. यातला एक जरी काळा पडला तरी खेळ अडतो. त्याऐवजी एक बोर्ड, कॉइल चालवायला मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि प्लेफील्डवरचे स्विच फक्त वाचायचे. बिघाड झाला तर तो कुठे आहे ते प्रोग्रॅमच सांगेल. खेळणाऱ्याला चेंडू तोच, फ्लिपर तेच. मग आत काय आहे याने फरक काय पडतो?

---

एक्स्चेंजवाले_काका

ओहम, फरक पडतो. सविस्तर लिहितो, कारण माझी उमेदीची वर्षं याच सामानात गेली आहेत.

मी टेलिफोन खात्यात होतो. आमच्याकडे स्ट्राउजर एक्स्चेंज होतं. तुम्ही फोनची चकती फिरवलीत की एक्स्चेंजमधला सिलेक्टर तितक्या पायऱ्या वर चढायचा, मग आडवा फिरायचा आणि संपर्कबिंदूंच्या रांगेवर नेमक्या जागी थांबायचा. ही कल्पना आल्मन स्ट्राउजरने १८९१ मध्ये पेटंट केली. पिनबॉलमधली स्टेपर युनिटं त्याच घराण्यातली. आमच्याकडच्या दमट खोल्यांत हजारो रिले रात्रंदिवस चालत होते. ते चालायचे कारण त्यांची देखभाल व्हायची. १९८४ मध्ये सी-डॉट (देशातच डिजिटल एक्स्चेंज घडवणारी सरकारी संस्था) स्थापन झालं, मग हळूहळू डिजिटल एक्स्चेंज आली आणि रिले भंगारात गेले. ते हवेमुळे गेले नाहीत.

आता खाजणकाठ, तुमच्यासाठी. आधी साफ करा, मगच वाकवा. लोक उलटं करतात. संपर्क लागत नाही म्हटलं की पट्टी वाकवतात, आणि मूळ दोष असतो मळाचा. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची, दोन बिंदूंच्या मध्ये घालायची, बोटाने पट्ट्या हलकेच मिटवायच्या आणि कागद ओढून घ्यायचा. काळी रेघ उमटेल. रेघ उमटणं थांबेपर्यंत करा. चांदीच्या बिंदूंवर खरकागद अजिबात नको, चांदी निघून जाते. फार खड्डे पडले असतील तर बर्निशर किंवा बारीक फ्लेक्सस्टोन (दोन्ही बिंदू घासायच्या पातळ पट्ट्या), तोही दोन-तीन हलके हात.

मग वीज बंद ठेवून प्रत्येक रिलेचं आर्मेचर (चुंबकाकडे ओढली जाणारी पट्टी) बोटाने दाबून बघा. जोड्या नुसत्या टेकून चालत नाहीत. टेकल्यावर जराशा एकमेकींवर घासल्या पाहिजेत, त्या घासण्यानेच बिंदू स्वतःला साफ ठेवतो. मशीन रोज चाललं तर हे आपोआप होतं. मांगरात पडून राहिलं की होत नाही.

आणि ओहम, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. या मशीनमध्ये प्रोग्रॅम नाही असं तुला वाटतं. आहे. तो तारांत आणि कॅमवर लिहिलेला आहे. चेंडू ५० गुणांच्या लक्ष्यावर आपटला की स्कोअर मोटर फिरते, तिचा कॅम पाच ठोके देतो, आणि दहाचं चाक पाच घरं पुढे जातं. झाकण उघडलंस तर हे तुला डोळ्यांनी दिसतं. सर्किट कसं विचार करतं ते तुझ्या कॉलेजातल्या कुठल्याही बोर्डवर इतकं उघडं दिसणार नाही.

---

ओहम

काका, मोटरचं हे माहीत नव्हतं. पण टिकण्याचा प्रश्न तसाच राहतो. तुमच्या एक्स्चेंजला पगारी माणसं होती. यांना नोकरी सांभाळून हे करायचंय.

---

हर्णैकर

टिकण्यावर मी बोलतो. मी जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करतो, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागातली अर्धी छपरं उडाली. माझ्या माळ्यावरचे रेडिओ भिजले, शेजाऱ्यांचेही भिजले. वाऱ्याने उडवून आणलेलं पाणी खारं होतं. ज्यांचे सांगाडे गोड्या पाण्याने धुऊन मग वाळवले ते आजही बरे आहेत. जे नुसते उन्हात वाळवले त्यांच्यावर पुढच्याच पावसाळ्यात हिरवं आणि पांढरं उमललं.

कारण साधं आहे. मीठ पुसून जात नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या खाली फारशी येतच नाही. म्हणजे वादळ नसलं तरी किनाऱ्यावरच्या घरातल्या प्रत्येक धातूवर एक अदृश्य खारा थर असतो आणि तो चार महिने ओला राहतो. इंटरनेटवर पिनबॉल दुरुस्तीची जी माहिती आहे ती बहुतेक अमेरिकेतल्या कोरड्या तळघरांत बसून लिहिलेली. त्यात धूळ झटका, अल्कोहोलने पुसा असं असतं. मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. त्याला पाणीच लागतं.

म्हणून माझा क्रम असा: कंस, स्क्रू, स्प्रिंगा, स्टेपरचे सुटे होणारे धातूचे भाग काढायचे, डिस्टिल्ड वॉटरने धुवायचे, लगेच आयसोप्रोपिलमध्ये बुडवून काढायचे म्हणजे पाणी निघून जातं, मग पंख्याखाली. कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर मात्र धुवायचे नाहीत, त्यांच्यावर कागदी वेष्टन असतं. ते ओलसर फडक्याने नुसते टिपून घ्या.

ती पांढरी भुकटी फुंकू नका, ब्रशने कोरडी झाडूही नका. जुन्या कंसांवर जस्ताचा नाहीतर कॅडमियमचा मुलामा असतो, आणि कॅडमियमची धूळ फुफ्फुसात जाणं वाईट. हातमोजे, मास्क, आणि ओल्या फडक्यानेच पुसायचं.

---

खाजणकाठ

हर्णैकर, हा मिठाचा मुद्दा मी कुठेच वाचला नव्हता. परवाच चार कंस पुसून ठेवले होते, आज त्यांच्यावर पुन्हा दमट थर जाणवतोय. आता कारण कळलं.

---

शिकागोची_थंडी

दापोलीचा, सध्या शिकागोत. इथे गॉटलिब, बॅली आणि विल्यम्स या तिन्ही मोठ्या कंपन्या एकाच शहरात होत्या, त्यामुळे असली मशीनं जिवंत ठेवणारी माणसं अजून भेटतात. त्यांच्याकडून शिकलेलं सांगतो.

घरात डब्ल्यूडी-४० चा (गंज सोडवायच्या स्प्रेचा) डबा असेल तर तो मशीनपासून लांब ठेवा. ते पेट घेणारं आहे, आणि या मशीनमध्ये प्रत्येक संपर्कावर ठिणगी पडते. शिवाय त्याचा जो थर मागे राहतो त्यावर धूळ चिकटते. कॉइलच्या नळीत तेल, ग्रीस काहीही घालायचं नाही. नायलॉनची नळी आणि प्लंजर (तिच्यात सरकणारा लोखंडी दांडा) कोरडेच चालतात. नळी खराब असेल तर बदलायची, ती स्वस्त असते. स्टेपरमधलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं असेल, ते पूर्ण काढा. नव्याचा अगदी बारीक थर पुरे.

फ्लिपर नीट समजून घ्या. त्याच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. बटण दाबलं की जाड तारेच्या वेटोळ्यातून जोराचा प्रवाह जातो आणि फ्लिपर उसळतो. तो वर पोचला की शेवटाला असलेला एक स्विच उघडतो, बारीक तारेचं वेटोळं मार्गात येतं, प्रवाह एकदम उतरतो, आणि बटण धरून ठेवलं तरी कॉइल जळत नाही. तो स्विच गंजून उघडेनासा झाला तर कॉइल मिनिटभरात धूर सोडते. आणि त्याचे बिंदू काळे असतील तर फ्लिपरमध्ये जोरच राहत नाही. लोक कॉइल बदलत बसतात, दोष त्या स्विचमध्ये असतो.

सर्किटचा नकाशा मिळवाच. आयपीडीबी या पिनबॉल मशीनांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर मशीनचं नाव घालून शोधा, कुठल्या साली आणि किती बनली तेही कळेल.

---

तारकर्लीचो_बाबू

आनी फोटो?

---

खाजणकाठ

टाकले बाबू, पाच फोटो टाकले. शेवटच्यात आतला भाग आहे.

---

तारकर्लीचो_बाबू

आवशीक खाव! किती तारो त्यो. पन काच झकास आसा. ता पुसूक जाव नको हां.

---

सुरंगी

बाबूंचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. मागच्या काचेवरचा रंग आतल्या बाजूने असतो. तिथे पाणी, काच पुसायचा स्प्रे, चिकटपट्टी काही लावू नका. पापुद्रे सुटलेत ते बोटाने दाबूही नका. बाहेरून काच पुसा, आतून मऊ कोरड्या ब्रशने फक्त धूळ. रंग पूर्ण स्थिर करायचा असेल तर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे पातळ हात देतात, पण आधी एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा, आणि पावसाळ्यात तर मुळीच नको.

मी सावंतवाडीची. लाकडावर रंग चढवणं हे आमच्या घरातलं काम. चितार आळीत खेळणी, गंजिफाचे पत्ते रंगवणारे हात अजून आहेत. तुमच्या प्लेफील्डचा फोटो मी मोठा करून बघितला. लाकूड उघडं पडलंय तिथे मळ आत मुरलाय. तो काढल्याशिवाय रंग लावलात तर कायमचा कोंडला जाईल. आधी पांढऱ्या पेट्रोलने हलकं पुसा, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास ज्योत नसताना. उरलेल्या काळ्या डागांवर मेलामाइन स्पंज आणि आयसोप्रोपिल, पण फार बेताने. जुन्या प्लेफील्डवर लॅकरचा थर असतो, तो या घासण्याने जातो आणि खालचा रंगही घेऊन जातो. जिथे रंग शाबूत आहे तिथे थांबा.

रंग जुळवताना नव्या चकचकीत रंगाकडे जाऊ नका. पन्नास वर्षांत पांढरा पिवळसर झालेला असतो, लाल विटकरीकडे झुकलेला असतो. त्याला मिळता रंग घ्या. ॲक्रिलिक, बारीक कुंचला, एका वेळी एक रंग.

आणि वरचा पारदर्शक थर दिवाळीनंतर. दमट हवेत लॅकर किंवा चपडा लावला की तो वाळताना हवेतलं पाणी धरतो आणि दुधी होतो. आम्ही पावसाळ्यात शेवटचा हात देतच नाही. गाडीचा टू-के क्लिअर कोट (दोन घटक मिसळून मारायचा पारदर्शक थर) वापरणार असाल तर तो रंगाऱ्याकडून त्याच्या बूथमध्ये मारून घ्या. त्यातली आयसोसायनेट ही विषारी रसायनं साध्या मास्कने अडत नाहीत.

---

पागोळी

सुरंगीताई, हा प्रतिसादच वेगळा लेख म्हणून टाका.

---

घाटावरचा

पुण्याहून. माझ्याकडे बॅलीचं १९७९ चं सॉलिड स्टेट (रिलेंऐवजी इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणारं) मशीन आहे, म्हणजे या धाग्यातल्या यंत्राची पुढची पिढी. ओहमच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही बोलतो.

माझ्या मशीनमध्ये ६८०० प्रोसेसरचा बोर्ड होता आणि त्याच बोर्डवर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी सोल्डर केलेली. ती वर्षानुवर्षं गळते आणि आजूबाजूचे तांब्याचे रस्ते खाऊन टाकते. व्हिनेगर आणि पाण्याने तो क्षार मारायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचं, मग अल्कोहोल. एवढं करूनही बोर्ड उठला नाही, म्हणून आजकाल मिळणारा नवा बोर्ड बसवला. त्याबद्दल मला काही वाटलं नाही. हे बोर्ड मुळातच बदलण्यासारखे सुटे भाग होते. चालू केल्यावर बोर्डवरचा एलईडी सात वेळा लुकलुकला की समजायचं सगळ्या चाचण्या पास.

पण रिलेचं मशीन रिकामं करणं वेगळं. तिथे बदलायला एक सुटा मेंदू नाही, सगळी पेटीच मेंदू आहे. एकदा ते जुडगे कापले की परत जोडणारं कोणी नाही. एखादं मशीन आधीच कोणी आतून ओरबाडलेलं असेल तर त्यात खुशाल मायक्रोकंट्रोलर घाला. हे तसं नाही. हे पूर्ण आहे.

---

ओहम

घाटावरचा, "पूर्ण आहे" हा मुद्दा पटला. कापलेली तार परत येत नाही, हे खरं.

---

कातळशिल्प

वीज देण्यापूर्वी एवढं वाचा. मी वायरमन आहे, देवगडला.

१. मशीन अमेरिकन असेल तर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरवर बाहेरदेशी पाठवण्यासाठी दिलेले वेगळे टॅप (वेगळ्या व्होल्टेजची जोडणी करायची टोकं) आहेत का ते आधी बघा, त्यावर लिहिलेलं असतं. नसतील तर किमान ५०० व्हीएचा स्टेप-डाउन लागेल, वेगळ्या वाइंडिंगचा. ५० हर्ट्झवर मोटर किंचित सावकाश फिरेल आणि ६० चा ट्रान्सफॉर्मर जास्त तापेल. पहिले काही दिवस हात लावून बघत राहा.

२. जुनी दोन पिनांची वायर काढून टाका. तीन पिनांची घाला आणि अर्थ नाण्याच्या दाराला, पुढच्या धातूच्या पट्टीला, पायांना सगळीकडे जोडा. खेळताना माणसाचे दोन्ही हात त्याच धातूवर असतात.

३. आपल्याकडे जांभ्यात अर्थिंग हा नेहमीचा घोटाळा. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की अर्थ नावापुरता राहतो. कोळसा-मीठ घालून खड्डा नीट करा, पाणी घालत जा, आणि बोर्डावर ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

४. पहिल्यांदा थेट वीज देऊ नका. प्रत्येक वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, त्यावर २०० वॅटचा पिवळा बल्ब लावून त्यातून द्या. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. मंद झाला तर पुढे जा.

५. फ्यूज लिहिलेल्या ॲम्पिअरचाच. तार गुंडाळलेली दिसली तर आधी ती काढा. जुन्या मालकाने ती का गुंडाळली असेल याचा शोध घ्या, दोष तिथेच सापडतो.

---

मोहर

अवांतर होतंय पण राहवत नाही. आमच्या गावात असलं मशीन म्हटलं की जत्रेतल्या जुगाराच्या टेबलांत त्याची गणना होते. घरी आणलंत तर मोठी माणसं काही बोलली नाहीत का?

---

शिकागोची_थंडी

मोहर, हा प्रश्न न्यूयॉर्कलाही पडला होता. १९४२ मध्ये तिथल्या महापौराने, ला गार्डियाने, पिनबॉल जुगार ठरवून बंद केला. पोलिसांनी मशीनं जप्त करून फोडली. त्या काळच्या मशीनना फ्लिपर नव्हते. चेंडू सोडला की पुढे फक्त हलवाहलवी आणि नशीब. फ्लिपर आले १९४७ मध्ये, गॉटलिबच्याच हम्प्टी डम्प्टी या मशीनवर, हॅरी मॅब्सने घातले. त्यानंतर खेळ हाताचा झाला, तरी बंदी १९७६ पर्यंत राहिली. त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या तरुणाने नगर परिषदेच्या समितीपुढे प्रत्यक्ष खेळून दाखवलं. चेंडू सोडण्याआधी तो कुठल्या वाटेने जाणार ते त्याने सांगितलं, आणि तसाच गेला. बंदी उठली.

---

मोहर

वा! हे आजोबांना वाचून दाखवते.

---

खाजणकाठ (१९ ऑगस्ट)

थोडी खबरबात. काकांच्या कागदी पट्ट्या रोज संध्याकाळी चालू आहेत. हर्णैकरांच्या पद्धतीने सगळे कंस, स्प्रिंगा धुऊन झाल्या आणि धुतलेल्यांवर हिरवं परत आलेलं नाही. पेटीचा खाल्लेला कोपरा मेस्त्रींनी चौकोनी कापून आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय (पाणी सोसणारा) जोडून दिला, आतून वाळवीसाठी बोरेट मारलंय. पेटी भिंतीपासून सुटी आणि पाय लाद्यांवर.

आता प्रश्न दिव्यांचा. जुने बल्ब ६.३ व्होल्टचे, दाबून फिरवायच्या टोपीचे. जवळच्या दुकानात जुन्या मोटरसायकलचे ६ व्होल्टचे बल्ब त्याच टोपीचे मिळतात. ते चालतील?

---

तारकर्लीचो_बाबू

टोपी बसता तर लाव. काय फरक पडता?

---

कातळशिल्प

बाबू, पडतो. मोटरसायकलचा तो बल्ब बहुधा ४ वॅटचा असतो. पिनबॉलचा ४७ नंबरचा बल्ब ६.३ व्होल्टला ०.१५ ॲम्पिअर घेतो, म्हणजे एका वॅटच्याही आत. तसे तीस-चाळीस लावले तर ट्रान्सफॉर्मरवर चौपट भार.

---

सुरंगी

आणि उष्णता! काचेच्या मागे चौपट उष्णता म्हणजे ते पापुद्रे उरणारच नाहीत. ४७ नंबरच मागवा. ४४ नंबरही बसतो पण तो ०.२५ ॲम्पिअरचा, जास्त तापतो. निदान काचेच्या मागे तरी ४७.

---

खाजणकाठ

ठरलं, ४७. चेंडूचं काय? जुना घासून चकचकीत केला तर?

---

शिकागोची_थंडी

नको. गंजलेल्या चेंडूवर बारीक खड्डे राहतात आणि तो सुरंगीताईंनी सांगितलेलं सगळं काम खरवडून काढेल. चेंडू २७ मिमीचा, वजन साधारण ८० ग्रॅम. बेअरिंगवाल्याकडे एक पूर्णांक एक-सोळांश इंचाची क्रोम स्टीलची गोळी मागा, चकचकीत पॉलिशची. समुद्राकाठी ती खेळून झाल्यावर काढून, पुसून डबीत ठेवा.

---

ओहम (२ सप्टेंबर)

मी गणपतीच्या सुट्टीत वेंगुर्ल्याला जाऊन मशीन बघून आलो. मोटर हाताने फिरवून काकांनी सांगितलेले पाच ठोके मोजले. मला अजूनही वाटतं की दमट हवेत ते एकटं सोडणं बरं नाही, म्हणून एक सुचवतो. पेटीत एक आर्द्रतेचा सेन्सर, बाहेर छोटा मायक्रोकंट्रोलर. आर्द्रता ६० च्या वर गेली की पेटीच्या तळाशी ठेवलेला ४० वॅटचा बल्ब लागेल, खाली आली की विझेल. मशीनच्या एकाही तारेला हात लागणार नाही. रोजची नोंद राहील, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कुठला आठवडा वाईट होता ते कळेल. सामान माझ्याकडे आहे, मी बनवून देतो.

---

एक्स्चेंजवाले_काका

उत्तम. आमच्या एक्स्चेंजमध्ये ही सोय कोणी करून दिली असती तर मी त्याला पेढे दिले असते. फक्त बल्बला जाळी लाव आणि लाकडापासून वीतभर लांब ठेव. तारांच्या जुडग्याखाली नको.

---

हर्णैकर

+१. मी रेडिओंच्या कपाटात असाच बल्ब ठेवतो, पण तो सतत पेटलेला असतो. ओहम, मलाही एक बनवून दे, पैसे देईन.

---

विहिरीवरचा_रहाट

मशीन विकणार का? किंमत बोला.

---

खाजणकाठ

नाही हो. हे वेंगुर्ल्यातच राहणार.

---

खाजणकाठ (१६ नोव्हेंबर)

मशीन चालू झालं!

सिरीज बोर्डावरचा बल्ब मंद झाला, कातळशिल्पांनी सांगितलं तसं, मग थेट वीज दिली. दिवे लागले, स्टार्ट दाबल्यावर मोटर फिरली, चाकं शून्याकडे धावली. दोन्ही फ्लिपर जोरात आहेत. शेवटाचा स्विच साफ केल्यावर उजवा तर डाव्यापेक्षा चपळ झाला. सुरंगीताई स्वतः येऊन प्लेफील्डवरचा लाल आणि पिवळा भरून गेल्या. वरचा पारदर्शक थर पुढच्या आठवड्यात. तोवर चेंडू टाकणार नाही, सगळे स्विच हातानेच दाबून बघतोय. मामा खुर्ची टाकून समोर बसलेत आणि मी कुठला स्विच दाबायचा ते सांगतायत.

एक अडचण राहिलीय. नवा खेळ सुरू करताना शंभराचं चाक थांबतच नाही. बाकीची शून्यावर येऊन थांबतात, हे गोल गोल फिरत राहतं आणि मोटरही बंद होत नाही. खेळ सुरूच होत नाही.

---

एक्स्चेंजवाले_काका

अभिनंदन! हा दोष सोपा आहे. प्रत्येक चाकाच्या मागे शून्याच्या जागी उघडणारा एक स्विच असतो. मोटर ठोके देत राहते आणि चाक शून्यावर आलं की तो स्विच त्याचा ठोका तोडतो. सगळ्या चाकांचे स्विच उघडले की मोटर थांबते. तुमच्या शंभराच्या चाकाचा तो स्विच शून्यावर उघडत नाहीये. वीज बंद करा, ते चाक हाताने शून्यावर आणा आणि बॅटरीच्या उजेडात त्या पट्ट्यांमध्ये फट दिसते का बघा. फट नसेल तर बाहेरची पट्टी किंचित मागे. किंचित म्हणजे एका कागदाच्या जाडीएवढी. मग नवावर आणून तो बंद होतोय ना तेही तपासा.

---

शिकागोची_थंडी

काकांना दुजोरा. स्विच बरोबर उघडत असेल तर त्या चाकाच्या इन्सुलेटरवर हिरवा क्षार साचून तो वीज वाहतोय का बघा. तुमच्याकडच्या हवेत तेही शक्य आहे.

---

हर्णैकर

तसं असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल. उलट क्रम नको.

---

खाजणकाठ

काका, फट नव्हती. पट्टी मागे घेतली, चाक थांबलं, मोटर थांबली आणि मागच्या काचेवर पहिल्या चेंडूचा दिवा लागला. मामांनी पहिला खेळ स्वतःसाठी राखून ठेवलाय. पारदर्शक थर वाळला की ओहम, सुरंगीताई, काका, सगळ्यांनी या. बाबू, तुम्हीही.

---

तारकर्लीचो_बाबू

येतंय. आनी हेचो व्हिडिओ काढून हंय टाक, फोटोन भागाचा नाय.